तोंड दिसेपर्यंत

नाशिक, २ सप्टेंबर १९३४

दादा,

आईने शेवटचं काय मागितलं, असं तू मोंबासाच्या धक्क्यावर मला विचारलं होतंस. त्याचं उत्तर मला देता येत नाही. तेव्हा दिलं नाही, नंतर पाच आठवडे तुझ्या खोलीत राहिले तेव्हाही दिलं नाही, आणि आज कागद पुढे घेतला तरी देता येत नाही. म्हणून एवढंच आधी लिहून टाकते.

पत्राला मायना लिहिलेला नाही. 'तीर्थरूप' लिहिलं की पुढे 'इकडील सर्व क्षेम' लिहावं लागतं. ते लिहवेना.

मी येऊन तीन आठवडे झाले. येताना वारा आणि पाऊस दोन्ही होते. बोट इतकी कलंडायची की डेकवर बांधलेल्या ट्रंका दोर ताणून धरायच्या. तरी मला बोट लागली ती पहिले दोनच दिवस, कारण जाताना नांदगावच्या खातूनबींनी शिकवलेलं सगळं मी पाळलं. तुला त्या आठवत असतील. धक्क्यावर माझा दंड धरून मला उतरवलं त्यांनी. त्यांचा निसार तुमच्याच रेल्वेच्या कारखान्यात आहे आणि त्यांची ती तिसरी खेप होती. जाताना पहिल्याच दिवशी मी कठड्याशी जाऊन ओकले, तर ते सगळं माझ्याच पदरावर परत आलं. मागून आवाज आला, "बी. ए. झाली म्हणे पोरगी! अगं, वारा कुठनं येतो ते बघून तोंड फिरव की. एवढं पण शिकवत नाय का कॉलेजात?"

आई तशाही अवस्थेत हसली होती. तिला हसताना तोंडावर पदर घ्यायची सवय होती, पण त्या दिवशी हात उचलायची ताकद नव्हती, म्हणून मला ते हसू पुरतं दिसलं.

खातूनबींचं म्हणणं असं, की पथारी बोटीच्या टोकाला टाकायची नाही, मधोमध टाकायची. झोपाळा कडीपाशी कमी हलतो, तसं ते आहे. पोट रिकामं ठेवायचं नाही. मी एका इंग्रजी पुस्तिकेत वाचून आईला पहिला दिवस उपाशी ठेवलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, "रिकामी गाडी जास्त खडखडते का भरलेली?" मग भाजलेले चणे नाहीतर कोरड्या भाकरीचा तुकडा चघळत राहायचा, लिंबू हुंगायचं. नजर बोटीवर नाही, पाणी आणि आभाळ जिथे मिळतात त्या रेघेवर ठेवायची. आणि पाणी एकदम नाही, घोट घोट प्यायचं, पण थांबवायचं नाही. "अन्नाशिवाय माणूस बोट उतरतो. पाण्याशिवाय नाय उतरत."

हे वाक्य लिहून मी दौत बंद करून टाकली होती.

शाळेत मला नोकरी मिळाली आहे. मुलींची शाळा, वर्ग पाचवा. आपल्या माळ्यांच्या घरातली पहिली बी. ए. म्हणून मुख्य बाईंनी माझी ओळख करून दिली. मी फळ्यापाशी उभी राहिले आणि जमीन हलली. दादा, अजून हलते. चालताना पाय आपोआप फाकून पडतात, डेकवर पडायचे तसे. मधल्या सुट्टीत मुली तांब्याच्या पिंपाभोवती पाण्यासाठी गर्दी करतात तेव्हा मी तिथे उभी राहू शकत नाही. वर्गात कुणाचा डबा पडून फरशीवरून गडगडत गेला की मला वाटतं तो आता परत येईल, या भिंतीकडून त्या भिंतीकडे, त्या भिंतीकडून या भिंतीकडे.

वहिनी बरी आहे. शेवंती चांगली आली आहे. वाळूमामा मोटेवर असतात. वहिनी रोज विचारते, "तुमचे भाऊ वाळलेत का?" मी सांगते, नाही. पण त्यांनी मिशी काढली आहे, म्हणून मी त्यांना धक्क्यावर क्षणभर ओळखलंच नाही.

तुझी,
मथुरा


नाशिक, २१ ऑक्टोबर १९३४

दादा,

तुझं पत्र आलं. वहिनीला वाचता येत नाही हे तू विसरलास की काय? तुझं पत्र तिला मलाच वाचून दाखवावं लागलं. ती शेवंतीच्या टोपल्यांवर पाणी शिंपडत होती. हात पुसून समोर बसली. मी वाचलं: "समुद्राने आईला घेतलं. आता दुसरं माणूस मी त्याला देणार नाही. साळूला सांग, ती येणार असं जे ठरलं होतं ते विसरून जा. तिने वाटलं तर पिंपळगावला माहेरी राहावं. मीही आता परत येणार नाही. मला ते पाणी ओलांडवणार नाही."

ती म्हणाली, "परत वाचा."

मी परत वाचलं.

"दर्या म्हंजी किती मोठा हो वन्सं? आपल्या गंगेला पूर येतो तेवढा?"

मी म्हटलं, "त्याहून मोठा. कड दिसत नाही."

"आन् तुमी दोनदा ओलांडला."

"हो."

"मग मलाच का गिळंल तो?"

ती उठली आणि टोपल्या डोक्यावर घेऊन रविवार कारंज्याच्या बाजाराकडे निघून गेली.

दादा, सहा वर्षं झाली. आप्पांनी तुला बाजारात चारचौघांत थप्पड मारली आणि तू गेलास. आप्पा वारले तेव्हा तू आला नाहीस. मी तुला दोष देत नाही, तो हक्क मला नाही. पण आईच्या नवसाचं कारण तेच होतं. सिंहस्थात रामकुंडात उभी राहून तिने बोलून टाकलं, लेकाचं तोंड दिसेपर्यंत गंगेशिवाय दुसरं पाणी पिणार नाही. ते मी तुला तेव्हा थट्टेने लिहिलं होतं, आठवतं? "आपल्या मातोश्रींनी अख्ख्या गोदावरीचा मक्ता घेतला आहे." कॉलेजातल्या मैत्रिणींनाही ते सांगून मी हसले होते.

नाशकात तो नवस सोपा होता. बोटीसाठी आम्ही तांबटाकडून दोन मोठ्या कळशांना आतून कल्हई करून घेतली, रामकुंडावर भरल्या आणि पत्र्याचं झाकण झाळून तोंडं बंद केली. बारा दिवसांना पुरेल असा हिशेब माझा होता. थंडीत समुद्र शांत असतो, तेव्हाच जा असं सगळे म्हणत होते. मीच म्हटलं, निकाल लागू दे, दादाला पदवी दाखवीन. म्हणून जून उजाडला. वहिनी मळ्यासाठी मागे राहिली आणि थंडीत येणार होती. तिचे प्रवासाचे कागद, तुझ्या सहीचे, ट्रंकेत तसेच आहेत.

तिला असं माहेरी पाठवू नकोस. समुद्राबद्दल तू जे लिहिलंस ते…

हे वाक्य पुरं होत नाही. पोस्टाची वेळ झाली.

मथुरा


नाशिक, १८ नोव्हेंबर १९३४

दादा,

मागच्या पत्रातलं वाक्य आज थोडं पुढे नेते.

पाचव्या दिवशी वादळ फार होतं. आईच्या पोटात चार दिवस काही टिकलं नव्हतं. पहिली कळशी संपत आली होती, कारण जेवढं पाणी ती प्यायची तेवढं बाहेर पडायचं. दुपारी बोट एका अंगावर गेली ती लवकर परत येईना. आमच्या ट्रंकेमागचा दोर तुटला. दुसरी कळशी सुटली आणि डेकवरून गडगडत कठड्यापर्यंत गेली, बोट उलटी कलल्यावर परत आली, पुन्हा गेली. एका खलाशाने पायाने अडवली तेव्हा ती बुडाशी फाटली होती. गंगा डेकवर सांडून गेली. लोक त्या पाण्यावरून चालत होते.

आई डोळे मिटून पडली होती. तिने पाहिलं नाही.

मी पहिली कळशी घेतली, तळाचं उरलेलं घोटभर पाणी तिच्या तोंडात घातलं आणि ती कळशी बोटीच्या टाकीवरून भरून आणली. खातूनबींनी मला भरताना पाहिलं. मी आईजवळ आले आणि म्हटलं, "ही दुसरी कळशी उघडली, आई." खातूनबी लगेच म्हणाल्या, "पी नवसाबाई, पी. लांबून आणलंय तुझ्यासाठी."

ती प्यायली. मीठ-साखर घालून, लिंबू पिळून, चमच्याने. सहाव्या दिवशी पाणी पोटात राहिलं. सातव्या दिवशी अर्धी भाकरी राहिली. आठव्या दिवशी ती ट्रंकेला टेकून उठून बसली.

पुढचं तुला माहीत आहे. दहाव्या दिवशी ती गेली.

मी खोटं बोलून तिचा नवस मोडला, एवढं तुला कळायला हवं होतं. आता कळलं. वहिनीबद्दल पुन्हा विचार कर.

मथुरा


नाशिक, ६ जानेवारी १९३५

दादा,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. का ते पुढे लिहीन.

नाताळची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तुझं उत्तर आलं. चारच ओळी. "कळशी भरलीस ते फार बरं केलंस. तू तरी तिला वाचवण्यासाठी धडपडलीस. मी इथे बसून तिला एवढ्या पाण्यातून बोलावून घेतलं. तुझे उपकार कसे फेडू? साळूचं मात्र पुन्हा काढू नकोस."

उपकार! मी तो कागद घडी करून पोलक्यात ठेवला आणि शाळेत गेले. चौथ्या तासाला वर्ग कलंडला. मी टेबल धरलं. एका मुलीने विचारलं, "बाई, पाणी आणू का?" मी बाहेर जाऊन ओकले. नाशकात, कोरड्या जमिनीवर, समुद्रापासून शंभर मैलांवर.

त्याच रविवारी खातूनबी आल्या. त्या नोव्हेंबरात परत आल्या आहेत. त्यांच्या ताहेराचं लग्न ठरलं होतं, मुलीला द्यायची भांडी घ्यायला त्या नाशकाच्या तांबट गल्लीत आल्या आणि पत्ता विचारत मळ्यात पोचल्या. नवरा मुलगा मोंबासालाच असतो. पुढच्या महिन्यात त्या मुलीला पोचवायला पुन्हा निघणार आहेत. ओसरीवर बसून त्यांनी वहिनीच्या हातचा चहा घेतला, तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ही सून ना? अजून इथंच? काय गं मथुरा, भावाला सांगितलं का नाय तू?"

मी चहाचं भांडं आत न्यायला उठले.

वहिनी म्हणाली, "काय सांगायचं ऱ्हायलंय?"

खातूनबींनी बशी खाली ठेवली. "माझ्या तोंडून नको. हिच्या तोंडाला काय कुलूप नाय. चांगलं उघडतं, मी बघितलंय."

तेव्हा मी वहिनीला सांगितलं. आता तुला सांगते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं: जन्मात खोटं बोलायचं नाही, अज्ञानाशी तडजोड करायची नाही. खाली तारीख आणि सही. आईचा नवस होता तसा माझा हा नेम होता. बोटीवर तो मी चार दिवस मोडला होता आणि ते मला टोचत होतं.

आठव्या दिवशी समुद्र निवला. निवलेलं तेल कढईत दिसतं तसा. आई माझी वेणी घालत होती. दोन दिवस तिला काही उलटलं नव्हतं. ती म्हणाली, "गंगेनं तारलं बघ मथे. गंगा हाय म्हणून त्याचं तोंड दिसंल मला."

मला वाटलं, हीच वेळ. ती बरी झाली आहे, समुद्र शांत आहे, आता खरं सांगितलं तर तिचं तिलाच पटेल. मी फळ्यापुढे उभं राहून बोलावं तसं बोलले. "आई, चार दिवस तू पितेस ते गंगेचं पाणी नाही. दुसरी कळशी फुटली. हे बोटीच्या टाकीतलं आहे. सगळ्या जातीचे लोक पितात तेच. बघ, तुला काही झालं का?"

तिचे हात थांबले. मग तिने वेणी पुरी घातली, टोकाला गाठ मारली. आणि विचारलं, "कवा फुटली?"

"पाचव्या दिवशी."

"अजून किती दिस?"

"चार."

"चार दिसांचं काय? चार एकादशा." तिने पेला उचलला आणि पालथा घातला.

मी हसले, दादा. मला वाटलं संध्याकाळपर्यंत मागेल. मागितलं नाही. मी रागावले, रडले, पाया पडले. बोटीचा डॉक्टर आला. त्याच्यासमोर तिने ओठ आवळून घेतले. खातूनबी तिच्याजवळ बसून म्हणाल्या, "नवसाबाई, आमच्यात आजाऱ्याला रोजा पण माफ असतो. अल्ला काय, राम काय, एवढा कंजूस नाय."

आई म्हणाली, "तुमचा मोठा हाय बाई. माझा नवस माझ्या जिवावर असता तर मोडला असता. तो लेकाच्या नावानं हाय. चार दिस मोडला ते गंगा माफ करंल, मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक हाय."

*आता ठाऊक हाय.* शाळेत मुली पाढे म्हणतात, त्यांच्या सुरात मला हे ऐकू येतं.

दोन दिवस ऊन फार होतं. नवव्या दिवशी तिची जीभ सुजली. दहाव्या दिवशी पहाटेच ती बेशुद्ध झाली, तेव्हा मी कापूस भिजवून तिच्या ओठांवर पिळला. ते पाणी तोंडाच्या कडेने बाहेर आलं. मी पुन्हा पिळलं. पुन्हा बाहेर आलं. डॉक्टरच्या कागदावर "बोट लागल्यामुळे आलेला अशक्तपणा" असं लिहिलं होतं. मीच तो तुला मराठीत करून वाचून दाखवला आणि त्यावर काही बोलले नाही.

तिला किंतानात शिवून पायाशी लोखंड बांधलं. कप्तानाने इंग्रजीत काही म्हटलं. तिथल्या आपल्या माणसांपैकी ते मला एकटीला कळलं. माझ्या शिक्षणाचा घरच्यांना झालेला पहिला उपयोग हाच.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं. खातूनबी ओसरीवर खाली मान घालून सुपारी कातरत होत्या.

वहिनी म्हणाली, "म्हंजी दर्यानं नाय नेलं सासूबाईंना."

"नाही."

"बोट लागली ती बरी झाली व्हती."

"हो."

"मग मला कशापायी थांबवलंय?"

तिने चार दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. भाकरी वाढायची, ताट सरकवायची, जायची. पाचव्या दिवशी मी शेवंती खुडत होते तेव्हा शेजारच्या सरीतून, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "वन्सं, एक इचारू? त्या बोटीच्या पाण्याला वास येतो का?"

"येतो. गंजाचा. खारटही लागतं थोडं."

"साठ वर्सं गंगेचं पाणी पिली ती बाई. उन्हाळ्याचं येगळं, पुराचं येगळं, चव घेऊन सांगायची. तिला चार दिस गंजाची चव कळली नसंल व्हय?"

माझ्या हातातली फुलं खाली पडली.

"तिनं मनाशी ठरवलं आसंल, पोरीनं गंगा म्हणून दिलंय ना, मग गंगाच. तुमी बोलला म्हणून तिचा विलाज खुंटला." सरीतून पुढे सरकत म्हणाली, "फुलं उचला. मातीत पडलेली कुणी घेत नाय."

दादा, आईला आधीच ठाऊक होतं का? हे मी कुणाला विचारू?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आता लिहिते. तू विचारलंस, शेवटचं काय मागितलं. तुला वाटत असेल पाणी. तिने पाणी एकदाही मागितलं नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी, जीभ वळत नव्हती तेव्हा, तिने विचारलं, "त्याचं तोंड कसं हाय गं आता? मिशा राखल्यात का?"

मी तुला सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "हो आई. चांगल्या भरदार. आप्पांसारख्या." ती पडल्या पडल्या तुझं तोंड बघत असल्यासारखी हसली आणि तिने डोळे मिटले. त्यानंतर ती बोलली नाही.

जे खोटं तिला जगवत होतं ते मी आदल्याच दिवशी काढून घेतलं होतं, आणि हे दुसरं मला इतक्या सहज सुचलं. मग धक्क्यावर तू दिसलास, गुळगुळीत दाढी केलेला.

मथुरा


मुंबई, २ फेब्रुवारी १९३५

दादा,

वरचं पत्र महिनाभर माझ्याजवळ होतं. पोस्टाने पाठवलं असतं तर तू दार लावून एकट्याने वाचलं असतंस आणि नंतर चार ओळी लिहून मला माफ केलं असतंस. मला माफी नको आहे. आणि तुझं "नको" यायच्या आत काहीतरी करायचं होतं.

वहिनी म्हणाली, "त्यांना इचारताय कशाला? सा वर्सं इचारूनच चाललंय." तिचे कागद ट्रंकेत होते. वाळूमामांनी डोळे पुसले, मग मोटेला शिव्या दिल्या, मग म्हणाले, "जा पोरी, मळा कुठं पळून चालला नाय." मी तिच्याबरोबर येते म्हटलं, तर वहिनी खातूनबींकडे बघून म्हणाली, "यांना नको. ह्या मधीच खरं बोलाय लागतात, मला भ्या वाटतं." दोघी हसल्या. पाच महिन्यांत आमच्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल. मीही हसले, आणि जमीन हलली नाही.

आज सकाळी आम्ही गोदीत आलो. ताहेरा नव्या बुरख्यात रडत होती, तिला वहिनीच समजावत होती. चणे आहेत, भाकऱ्या आहेत, लिंबं पंचवीस आहेत. मधोमध जागा मिळाली आहे. खातूनबींनी आधी माणूस पाठवून पथारी टाकून ठेवली. समुद्र या दिवसांत सपाट असतो, तरी वहिनीला मी रेघ दाखवून ठेवली आहे. म्हणाली, "ही व्हय? ही तर आपल्या शेताच्या बांधासारखी दिसते."

चढण्यापूर्वी तिने ती पहिली कळशी मागून घेतली. मी आणली होती, पण काढवत नव्हती. गोदीतल्या नळाखाली सगळ्यांसमोर तिने ती भरली, एक ओंजळ प्यायली, तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाली, "हे मुंबईच्या नळाचं. बघा, मला ठाऊक हाय." मग कळशी कमरेवर घेऊन, मळ्यातून विहिरीवरून यावी तशी, ती शिडी चढली.

मीही वर आले आहे; हे लिहून झालं की दोन्ही कागद तिच्या हातात देईन. यात काय लिहिलंय ते तिला माहीत आहे. खातूनबींचा निसार तिला तुझ्या खोलीपर्यंत पोचवेल; तिथे दारातच द्यायचे, असं ठरलं आहे. आता भोंगा झाला की मी उतरेन, आणि बोट नजरेआड होईपर्यंत रेघेकडे बघत उभी राहीन.

म्हणजे तू हे वाचतोस तेव्हा ती बोट उतरली आहे आणि तुझ्या दारात उभी आहे. तुझं वाचून होईपर्यंत ती काही बोलणार नाही. माझ्याबद्दल तुला जे वाटायचं ते सावकाश वाटू दे. कागद खाली ठेव, दादा. माणूस लांबून आलं आहे. तिला आधी पाणी दे. कुठलंही चालेल.

मथुरा